गोल बसलं की म्हातारी माणसं बोलू लागतात

आजचा आपला विषय जरा लांबच्या मुलखातला आहे, पण प्रश्न आपल्या ओसरीवरचाच आहे. म्हाताऱ्या माणसाने किती वाजता उठायचं, कधी आंघोळ करायची, काय खायचं, हे कोणी ठरवायचं? त्याने स्वतः, की त्याला सांभाळणाऱ्याने? अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये हा प्रश्न पन्नासेक वर्षं गाजतो आहे. तिथल्या समाजसेविकांनी त्यावर एक साधी युक्ती वापरली. माणसांना गोल बसवायचं आणि प्रत्येकाला पाळीपाळीने बोलू द्यायचं. एवढ्याशा गोष्टीने काय बदलतं आणि काय बदलत नाही, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की तालुक्याच्या गावातला छोटा खाजगी दवाखाना डोळ्यापुढे येतो. बाळंतपण, सलाईन, चार-सहा खाटा. अमेरिकेत मात्र नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचं राहण्याचं ठिकाण. ज्यांना उठता-बसता येत नाही, ज्यांची आठवण गेली आहे, ज्यांना रात्रंदिवस माणूस लागतं, अशी माणसं तिथे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहतात. पुष्कळांचा शेवटचा श्वासही तिथेच जातो. त्या देशात अशी सुमारे १५ हजार ठिकाणं आहेत आणि त्यांत बारा-तेरा लाख माणसं राहतात. आपल्या वृद्धाश्रमापेक्षा वेगळं आणि दवाखान्यापेक्षाही वेगळं, दोन्हींच्या मधलं असं ते घर आहे.

घर की दवाखाना?

घर म्हणायचं खरं, पण ते बांधलं गेलं दवाखान्यासारखं. त्याला कारण आहे. १९६५ साली अमेरिकेच्या सरकारने म्हाताऱ्यांच्या आणि गरिबांच्या औषधपाण्यासाठी दोन मोठ्या योजना सुरू केल्या, मेडिकेअर आणि मेडिकेड. सरकारी पैसा येऊ लागला तशी नर्सिंग होमं भराभर वाढली. बांधणारांपुढे नमुना होता इस्पितळाचा. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका खोलीत दोन-दोन खाटा, मधे नर्सांचं टेबल, औषधांची गाडी, जेवणाचे ट्रे आणि भिंतीवर वेळापत्रक.

इस्पितळात आपण चार दिवस राहतो. त्या चार दिवसांत पहाटे पाचला कोणी उठवलं तर आपण सोसतो, कारण घरी परत जायचं असतं. पण जिथे माणूस राहायलाच आला आहे, तिथे रोज पहाटे पाचला कोणी अंगावरचं पांघरूण ओढलं तर?

हे कोणी दुष्टपणाने करत नव्हतं, हे आधी समजून घेऊ. समजा, एका मजल्यावर चाळीस माणसं आहेत आणि रात्रपाळीला दोन मदतनीस बायका. सकाळी सातला दिवसपाळी येते. तोवर इतक्या-इतक्या माणसांचं तोंड धुवून, कपडे बदलून, चाकाच्या खुर्चीत बसवून ठेवायचं, अशी यादीच त्यांच्या हातात असते. का? तर आठला जेवणघरातून न्याहारीचे ट्रे निघतात. ट्रे आठला का? तर त्यानंतर भांडी घासायची आणि दुपारच्या जेवणाला लागायचं. औषधंही न्याहारीबरोबर द्यायची असतात. म्हणजे मदतनीस जेवणघराकडे बोट दाखवते, जेवणघर औषधाच्या गाडीकडे आणि औषधाची गाडी वेळापत्रकाकडे. प्रत्येकीचं कारण आपापल्या जागी बरोबर. या सगळ्यात जिला उठवलं, त्या आजीला मात्र कोणी विचारलेलंच नसतं.

याला त्या देशात 'संस्कृती' म्हणतात, नर्सिंग होमची संस्कृती. आपण 'रीत' म्हणू. 'आमच्यात असंच करतात' असं जे घराघरांत म्हटलं जातं ना, तेच. रीत कुठे लिहिलेली नसते, म्हणून तक्रार कोणाकडे करायची ते कळत नाही. आणि म्हणूनच नुसता हुकूम काढून ती बदलत नाही.

आधी विचारलं कोणाला?

१९८५ साली तिथे एक चांगली गोष्ट झाली. नर्सिंग होम सुधारण्यासाठी झटणाऱ्या संस्थांचा एक मोठा संघ होता. त्याने १५ शहरांमध्ये चारशेहून अधिक रहिवाशांच्या गटचर्चा घेतल्या. डॉक्टरांच्या नाही, मालकांच्या नाही, तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या. विचारलं एवढंच, की तुमच्या मते चांगली देखभाल म्हणजे काय?

मोठमोठी यंत्रं, चकचकीत इमारत असं उत्तर आलं नाही. माणसांनी सर्वांत जास्त भर दिला तो सांभाळणाऱ्या माणसांवर. आपल्याशी नीट बोलणारी, मायेने वागणारी आणि पुरेशी माणसं हवीत, असं ती म्हणाली. त्याच्या जोडीने जेवण, राहायची जागा आणि दिवस कसा घालवायचा याची थोडी निवड. मैत्रिणींनो, आपल्या सासूबाईंना, आईला विचारलं तर याहून वेगळं उत्तर येईल असं वाटत नाही.

दोनच वर्षांनी, १९८७ च्या डिसेंबरात, अमेरिकेत नर्सिंग होम सुधारण्याचा कायदा झाला. त्यातल्या चार गोष्टी आपल्या विषयाला लागून आहेत. पहिली, रहिवाशांना आपला गट करण्याचा, एकत्र बसण्याचा हक्क मिळाला आणि गटाने मांडलेल्या तक्रारींकडे संस्थेने लक्ष देणं बंधनकारक झालं. दुसरी, शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी माणसाला बांधून ठेवायला बंदी आली. तिसरी, मदतनिसांना निदान ७५ तासांचं शिक्षण सक्तीचं झालं. आणि चौथी, १२० हून अधिक खाटा असलेल्या ठिकाणी एक पूर्णवेळ समाजसेवक नेमलाच पाहिजे असं ठरलं.

बांधून ठेवणं हा शब्द ऐकून काळजात चर्र झालं असेल. पण १९८० च्या दशकात तिथे शंभरातल्या सुमारे चाळीस रहिवाशांना पट्ट्याने खुर्चीला किंवा खाटेला बांधत. पडेल, हाड मोडेल, ही भीती. उलट बांधून ठेवल्याने माणसाचे पाय लुळे पडत, पाठीला जखमा होत आणि सुटायच्या धडपडीत काही जण जिवानिशी जात. कार्टर कॅटलेट विल्यम्स नावाच्या एका समाजसेविकेने स्वीडन देशात पाहिलं की तिथे न बांधताही म्हाताऱ्यांची देखभाल होते. ती गोष्ट त्यांनी आपल्या देशात लावून धरली. आज तिथे बांधण्याचं प्रमाण अगदी नगण्य झालं आहे.

१९९७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी या बदलासाठी झटणारी काही माणसं एकत्र बसली आणि त्यातून 'पायोनियर नेटवर्क' ही चळवळ उभी राहिली. कार्टरबाई तिच्या संस्थापकांपैकी एक. नर्सिंग होमची रीत बदलायची, हेच या चळवळीचं काम.

समाजसेविकाच का?

आपल्याकडच्या मोठ्या सरकारी इस्पितळात 'समाजसेवा अधीक्षक' असतात ते तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. योजनेचे कागद, रुग्णाच्या घरची अडचण, असं त्यांच्याकडे जातं. नर्सिंग होममधली समाजसेविका साधारण तशीच. ती डॉक्टर नाही, नर्स नाही, मालक नाही. माणूस दाखल होतं तेव्हा ती त्याच्या घरच्यांशी बोलते. आधी काय काम करत होता, नवरा कधी गेला, मुलगी कुठे असते, रात्री उशिरा झोपायची सवय आहे का, हे तिला माहीत असतं. सगळ्यांशी तिचं बोलणं असतं आणि कोणाच्या हजेरीवर तिची सही नसते. म्हणून गोल बसवायचं काम तिला जमतं.

शिवाय गटाबरोबर काम करणं ही समाजकार्याची जुनी विद्या आहे. शिकागो शहरात १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी गरीब वस्तीत 'हल हाऊस' सुरू केलं. शेजारपाजारच्या बायकामाणसांनी एकत्र यावं, शिकावं, आपले प्रश्न आपण बोलावेत म्हणून ते घर होतं. तीच कल्पना पुढे आपल्या मुंबईत नागपाड्याला आली. तिथल्या नेबरहूड हाऊसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ साली आपल्या देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय सुरू झालं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. माणसांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच वाट काढायची, ही शिकवण दोन्हीकडे एकाच मुळाची आहे.

गोल बसायचं म्हणजे कसं?

तुम्ही म्हणाल, गोल तर आम्ही दर बैठकीला बसतो. बसतो खरं. पण या गोलाचे काही नियम आहेत आणि गंमत त्या नियमांतच आहे. तिथे याला 'शिकण्याचं वर्तुळ' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. लाव्हरीन नॉर्टन या समाजकार्य शिकलेल्या बाईंनी आणि त्यांच्या संस्थेने ही पद्धत ठिकठिकाणच्या नर्सिंग होममध्ये शिकवली.

दहा-पंधरा माणसं, त्याहून जास्त नाहीत. मधे टेबल नाही. रहिवासी, मदतनीस, स्वयंपाकघरातली बाई, झाडूपोछा करणारा, नर्स, जमल्यास कोणाची लेक किंवा मुलगा, असे मिसळून बसतात. समाजसेविका एक प्रश्न विचारते, एकच. 'हो' किंवा 'नाही' म्हणून संपणारा नाही, तर ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे असेल असा. मग ती विचारते, कोण सुरुवात करतं? जो सुरुवात करेल त्याचं बोलून झालं की तो ठरवतो, पाळी डावीकडे जाणार की उजवीकडे. मग त्या बाजूने एकेक जण बोलतो.

एक बोलत असताना दुसऱ्याने मधे पडायचं नाही. दुरुस्ती नाही, 'तसं नव्हतं हो' नाही, सल्ला नाही. ज्याला बोलायचं नसेल त्याने 'पुढे' म्हणायचं. त्यात कमीपणा नाही. फेरी पूर्ण झाली की ज्यांनी 'पुढे' म्हटलं होतं त्यांना पुन्हा एकदा विचारायचं. सगळ्यांचं झालं की मगच मोकळी चर्चा.

हे नियम पोरखेळ वाटतात, पण नीट पाहा. मोकळ्या बैठकीत कोण बोलतं? ज्याचा आवाज मोठा, ज्याचं पद मोठं, ज्याला शब्द पटकन सुचतात. नर्सिंग होममध्ये पक्षाघाताने जीभ जड झालेली आजी आहे. तिला एक वाक्य जुळवायला मिनिट लागतं. तोवर विषय तीन घरं पुढे गेलेला असतो. पाळी ठरलेली असली की तिच्या मिनिटाची सगळे वाट पाहतात. दुसरी असते मदतनीस. पगार सर्वांत कमी, पण माणसाच्या अंगाशी सर्वांत जास्त वेळ तीच असते. कोणत्या आजोबांना गार पाण्याची भीती आहे, कोण रात्री का रडतं, हे तिला ठाऊक. मोकळ्या बैठकीत नर्सच्या आधी ती तोंड उघडत नाही. पाळी आली की उघडावंच लागतं, आणि मग कळतं की उत्तर इतके दिवस तिच्याकडेच होतं.

बोलणाऱ्याचं एक झालं. ऐकणाऱ्यांचं काय? मधे बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस उत्तर जुळवायचं सोडतो आणि ऐकू लागतो. नर्सच्या पहिल्यांदा ध्यानात येतं की आजी 'हट्टी' नाहीत, त्यांची झोप पुरी होत नाही. आजीलाही पहिल्यांदा कळतं की पहाटे उठवणारी पोरगी खाष्ट नाही, तिच्या हातात यादी आहे.

एका प्रश्नाची गोष्ट

आता समजा, पहिला प्रश्न आहे, 'तुम्ही आपल्या घरी होता तेव्हा तुमची सकाळ कशी असायची?' पाहा, यात तक्रार विचारलेली नाही. 'इथे काय वाईट आहे' असं विचारलं तर म्हातारी माणसं गप्प बसतात. ज्यांच्या हातून जेवायचं, त्यांची तक्रार कोण करणार? पण घरची सकाळ सगळे सांगतात. एक आजोबा शेतकरी, चारला उठून गोठ्यात जायचे. एक बाई कारखान्यात रात्रपाळी करायच्या, त्यांना दहाच्या आत कधी जाग आली नाही. एकीला आधी चहा, मग तोंड धुणं. मदतनीसही आपली सकाळ सांगते, की मुलांना शेजारी सोडून अंधारातच बस धरते.

दुसरी फेरी, 'इथली सकाळ त्याच्याजवळ थोडी तरी न्यायची, तर काय करता येईल?' इथे प्रत्येकाचं ज्ञान कामी येतं. स्वयंपाकीण सांगते की आठ ते दहा नुसती पाव-अंडी-लापशी ठेवायला तिची ना नाही, पण ट्रे बंद करावे लागतील. नर्स सांगते की काही औषधं घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागतात, पण पुष्कळशी 'उठल्यावर' अशी डॉक्टरांकडून लिहून घेता येतील. मदतनीस सांगते की ज्यांना चारला उठायचं ते तसेही जागेच असतात, त्यांना रात्रपाळीने उठवावं, बाकीच्यांना झोपू द्यावं. साखळीतली प्रत्येक कडी आपल्या जागेवरून थोडी सैल होते.

यात कायदाही साथ देतो. तिथला नियम असा की रात्रीचं भरपेट जेवण आणि सकाळची न्याहारी यांत १४ तासांहून जास्त अंतर पडू नये. पण झोपण्याआधी पौष्टिक खाणं दिलं आणि रहिवाशांच्या गटाने मान्यता दिली, तर ते १६ तासांपर्यंत चालतं. बघा, सरकारी नियमातच लिहिलं आहे की रहिवाशांच्या गटाला विचारा. गट भरतच नसेल तर विचारणार कोणाला?

असंच पुढे आंघोळीचं होतं. आठवड्यातून दोन वार ठरलेले, फवाऱ्याखाली बसवलं की आठवण गेलेली माणसं घाबरून ओरडत, मारायला धावत. गटात बोलणं झालं की सुचतं, हिला खाटेवरच कोमट ओल्या टॉवेलने पुसून काढलं तर? असंच माणसांचं होतं. रोज नवी मदतनीस पाठवण्यापेक्षा ठरावीक माणसांकडे ठरावीक मदतनीस ठेवली तर दोघींचीही ओळख होते. अशा गोष्टी आज तिथल्या अनेक ठिकाणी रूढ झाल्या आहेत.

बोलून झाल्यावर

खरी परीक्षा गोल मोडल्यावर सुरू होते. समाजसेविका जे ठरलं ते साध्या शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहून लावते. कोण करणार आणि कधीपर्यंत, तेही. सगळं एकदम बदलायचं नाही. एका मजल्यावर, एका जेवणापुरतं, दोन-तीन आठवडे करून पाहायचं. मग पुन्हा गोल आणि पहिला प्रश्न हाच, 'मागच्या वेळी ठरलं त्याचं काय झालं?' जमलं नसेल तर का नाही जमलं तेही त्याच गोलात सांगायचं.

हे केलं नाही तर गटचर्चा न केलेली बरी. माणसाला एकदा मनातलं बोलायला लावायचं आणि मग काहीच करायचं नाही, यासारखी निराशा नाही. पुढच्या वेळी तो 'पुढे' म्हणतो आणि त्याच्या पुढच्या वेळी येतच नाही.

ज्यांना आठवत नाही, बोलता येत नाही, त्यांचं काय? त्यांनाही गोलात बसवतात. शब्द हरवले तरी चेहरा बोलतो. गाणं लागलं की हात ताल धरतो, ठरावीक मदतनीस आली की नजर निवते. त्यांच्या पाळीला त्यांच्याजवळची व्यक्ती, लेक असेल, मदतनीस असेल, आपण काय पाहिलं ते सांगते. कॅलिफोर्नियात बॅरी बार्कन यांनी १९७० च्या दशकातच रोजची सभा भरवायला सुरुवात केली होती. तिथे सगळे गोल बसत, नावाने एकमेकांना हाक मारत, गाणं म्हणत, जगातली बातमी बोलत. रहिवाशांना 'रुग्ण' न म्हणता 'वडीलधारे' अशा मानाच्या शब्दाने संबोधत. रोज कोणीतरी आपलं नाव घेतं, एवढ्यानेही माणूस खुर्चीत ताठ बसतो.

कुठे अडतं?

आम्ही तुम्हाला जादूची कांडी विकत नाही. दोन माणसांनी चाळीस जणांचं करायचं असेल, तर कितीही गोल बसलं तरी हात दोनाचे चार होत नाहीत. माणसं वाढवणं हे मालकाच्या आणि सरकारच्या हातात आहे. गटाने एवढं करता येतं की ती मागणी एकट्या मदतनिसाची न राहता रहिवासी आणि नातेवाइकांची होते.

दुसरी अडचण भीतीची. साहेब गोलात बसले की माणसं गोड बोलतात. म्हणून तिथल्या नियमाप्रमाणे रहिवाशांच्या स्वतःच्या सभेत कर्मचाऱ्याने बोलावल्याशिवाय यायचं नाही. मिसळून बसण्याचा गोल वेगळा आणि रहिवाशांची सभा वेगळी. दोन्ही लागतात.

तिसरी अडचण समाजसेविकेची. कागदपत्रं, विमा, घरी पाठवायची तयारी यांत तिचा दिवस जातो. गोल भरवणं हे तिच्या कामात धरलं गेलं नाही, तर ते पहिल्यांदा मागे पडतं.

आणि २०२० साली करोना आला. मार्च महिन्यातच नर्सिंग होममधलं एकत्र जेवण, एकत्र बसणं, नातेवाइकांचं येणं, सगळं बंद झालं. पुढच्या दोन वर्षांत नर्सिंग होम आणि दीर्घकालीन देखभालीची अशीच इतर ठिकाणं धरून, रहिवासी आणि कर्मचारी मिळून दोन लाखांवर माणसं गेली. जी वाचली त्यांतली कित्येक महिनोन्‌महिने एका खोलीत एकटी होती. एकत्र बसणं ही चैनीची बाब नसून जगण्याची गरज आहे, हे त्या वेळी साऱ्यांना कळून चुकलं.

आपल्याकडे यातलं काय?

आपल्याकडे २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात म्हटलं आहे की राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने दर जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी, निदान १५० माणसांचं, एक तरी वृद्धाश्रम उभारावं. इमारती होतील तेव्हा होतील. पण इमारतीत रीत कोणती असेल, हा प्रश्न आतापासून विचारायला हवा. तुमच्या तालुक्यात वृद्धाश्रम असेल आणि तुमचा गट दिवाळीला फराळ घेऊन तिथे जात असेल, तर फराळ वाटून फोटो काढून निघू नका. तासभर गोल बसा. एक प्रश्न विचारा आणि पाळीपाळीने ऐका. मग व्यवस्थापकांना भेटून सांगा की आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ, ठरलेल्या गोष्टीचं काय झालं ते विचारायला.

बहुतेक म्हातारी माणसं मात्र आपल्याकडे घरातच आहेत. मुलगा-सून पुण्या-मुंबईला, घरात दोघं किंवा एकटी आजी. किंवा सगळे घरात आहेत, पण आजीला विचारतं कोण? भाजी कोणती, दवाखान्यात कधी जायचं, पेन्शनचे पैसे कोणाकडे ठेवायचे, सगळं परस्पर ठरतं. सुनेचा यात दोष नसतो. तिच्याही हातात सकाळची यादी असतेच, डबे, पाणी, शाळा, शेत. नर्सिंग होमची मदतनीस आणि आपल्या घरची सून, दोघींची अडचण एकच. म्हणून दोघींना एकाच गोलात बसवायचं, एकीच्या विरोधात दुसरीला उभं करायचं नाही.

बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक आहेच. महिन्यातल्या एका बैठकीत हप्ते-कर्जाचं झाल्यावर अर्धा तास काढा. गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या बायांना बोलवा, खाली बसवत नसेल त्यांना खुर्ची द्या, आणि मग सगळ्यांनीच खुर्चीवर बसा, म्हणजे कोणी वर कोणी खाली राहणार नाही. ऐकू कमी येणाऱ्या आजीला बोलणारीच्या जवळ बसवा. अध्यक्ष-सचिवांनी त्या दिवशी शेवटी बोलायचं. आणि जे ठरेल ते गटाच्या वहीत लिहायचं, कर्जाची परतफेड लिहितो तसंच. दिलेला शब्द हेही एक कर्जच असतं.

गटात चर्चेसाठी

१. तुम्ही तरुण होता तेव्हा तुमची सकाळ कशी असायची? आता कशी असते? (हा प्रश्न म्हाताऱ्या बायांना विचारा आणि त्यांचं पूर्ण ऐका.)

२. आपल्या घरात म्हाताऱ्या माणसांचं कोणकोणतं काम त्यांना न विचारता ठरतं? त्यातली कोणती एक गोष्ट या महिन्यात विचारून करता येईल?

३. म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या सुनेला, लेकीला कशाची मदत हवी आहे? गट त्यातलं काय करू शकेल?

४. आपल्या बैठकीत कोण नेहमी बोलतं आणि कोण कधीच बोलत नाही?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी गप्प बसणारीला देऊ द्या. तिने 'पुढे' म्हटलं तर थांबा, आणि फेरी झाली की तिला पुन्हा एकदा विचारा. तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा, पुढच्या एखाद्या भागात आपण ते सगळ्यांना ऐकवू.